रोज नवी पद्धत, वर्ग मात्र तोच

विभागप्रमुखांकडे अर्ज आला तेव्हा सत्र जेमतेम निम्म्यावर होतं. वर्गातल्या अर्ध्याअधिक मुलांच्या सह्या होत्या आणि मजकूर तीन ओळींचा: "मॅडम हल्ली शिकवत नाहीत. आम्हालाच बोलायला लावतात. पोर्शन मागे पडला आहे."

अर्ज ज्यांच्याबद्दल होता त्या मॅडम म्हणजे विभागात सर्वांत जास्त तयारी करून वर्गावर जाणाऱ्या. मी त्यांच्यापेक्षा बराच जुना, आणि आमचा दोघांचा विषय एकच, संख्याशास्त्र. त्यामुळे प्रमुखांनी मला बोलावून सांगितलं, "तुम्ही जरा त्यांच्या तासांना मागे बसून या. चौकशी म्हणून नको, मदत म्हणून." मागे बसायला येणाऱ्याला कितीही मदतनीस म्हटलं तरी पुढे उभं राहणाऱ्याला तो तपासनीसच वाटतो. मी मॅडमना तसं स्पष्ट बोलून टाकलं. त्या म्हणाल्या, "बसा सर. मलाच कळत नाहीये काय चुकतंय. नुसतं फळ्यावर शिकवत होते तेव्हा कुणाची तक्रार नव्हती. आता इतकं करतेय, तर अर्ज!"

वर्ग दुसऱ्या वर्षाचा. सत्तरच्या आसपास मुलं, पायऱ्यापायऱ्यांची खोली, जमिनीला ठोकलेली लांब बाकं, पन्नास मिनिटांचा तास, आठवड्याला तीन. आधीची काही वर्षं मॅडम आपण सगळे शिकवतो तशा शिकवायच्या: रेखीव फळा, स्वच्छ सिद्धता, सोप्याकडून अवघडाकडे जाणारी उदाहरणं. मुलं खूश असायची. परीक्षेत मात्र उदाहरणाची भाषा जरा बदलली की ती कोसळायची. हे त्यांना खुपत होतं, म्हणून त्या अध्यापनपद्धतींच्या एका प्रशिक्षणाला गेल्या आणि येताना जाडजूड फाइल घेऊन आल्या. पुढच्या सहा आठवड्यांत थिंक-पेअर-शेअर झालं, जिगसॉ झालं, रोल प्ले, वादविवाद, घरी व्हिडिओ बघून येण्याचा फ्लिप्ड क्लासरूम, मोबाइलवरची क्विझ आणि पोस्टर. सात पद्धती, आणि त्यातली एकही पुन्हा नाही. "तोचतोचपणा येऊ नये म्हणून," त्या म्हणाल्या.

मागच्या बाकावरून

मी पाच तास बसलो. त्यातले दोन सांगण्यासारखे आहेत.

पहिला जिगसॉचा. वर्गाचे गट पाडायचे, विषयाचे तुकडे करायचे, एकेका गटाने एकेका तुकड्यात तयार व्हायचं आणि मग नव्याने गट बांधून प्रत्येकाने आपला तुकडा इतरांना शिकवायचा. मॅडमनी सशर्त संभाव्यतेचा, म्हणजे एक गोष्ट घडली आहे हे माहीत असताना दुसरी घडण्याची शक्यता काढण्याचा, घटक चार भागांत वाटला होता: व्याख्या, गुणाकाराचा नियम, स्वतंत्र घटना आणि अशी शक्यता उलट दिशेने काढून देणारं बेजचं सूत्र. ठोकलेल्या बाकांमधून सत्तर मुलांनी उठून नव्या गटांत बसेपर्यंत दहा-बारा मिनिटं गेली. ती गेली तर गेली, असं मी म्हटलं असतं. खरी अडचण पुढे होती. बेजच्या सूत्राच्या गटातली मुलं व्याख्येच्या गटाकडे आशेने बघत होती, कारण व्याख्या नीट कळल्याशिवाय त्यांना स्वतःच्या तुकड्याची पहिली ओळही वाचता येत नव्हती. शेवटी त्यांनी सूत्र तसंच पाठ केलं आणि नव्या गटात जाऊन म्हणून दाखवलं.

जिगसॉची पद्धत एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात सुरू केली. तिथल्या शाळांमध्ये वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एकत्र बसू लागली होती आणि त्यांच्यात तेढ होती. दुसऱ्याकडच्या माहितीवाचून आपलं अडतं, असा प्रसंग रोज यावा हा त्यामागचा हेतू. म्हणजे प्रत्येकाच्या हातातला तुकडा स्वतंत्रपणे कळण्याजोगा असला पाहिजे, हे त्यात गृहीतच होतं. एखाद्या व्यक्तीच्या आयुष्याचे चार टप्पे असे वाटता येतात. एकमेकांवर उभे असलेले चार मजले नाही वाटता येत. चौथ्या मजल्याच्या गटाला जिना कुठून मिळणार?

दुसरा तास थिंक-पेअर-शेअरचा. आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी बोलणं, मग वर्गासमोर. मॅडमनी प्रश्न टाकला, "सशर्त संभाव्यता म्हणजे काय?" आणि साधारण दोन सेकंदांत म्हणाल्या, "हं, आता शेजाऱ्याशी चर्चा करा." माझ्या पुढच्या बाकावरच्या दोघांनी वही उघडली, एकाने व्याख्या वाचली, दुसऱ्याने मान डोलावली, आणि उरलेली चार मिनिटं दोघं दुसऱ्याच विषयावर मनापासून बोलले. त्यांना दोष कसा द्यायचा? ज्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहिलेलं आहे त्यावर दोन माणसं काय चर्चा करणार?

दोन सेकंदांचंही एक आहेच. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शाळांमधल्या विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद थांबायची सवय लावल्यावर मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणारी मुलं बोलू लागली. मी हे वाचून पुष्कळ वर्षं झाली, तरी माझं स्वतःचं घड्याळ अजून एकावरच अडकतं, हेही इथेच सांगून टाकतो.

पाचव्या तासानंतर आम्ही बसलो. अर्जाचं काय करायचं हा प्रश्न होता. त्याबद्दल माझं मत दुहेरी होतं आणि अजून आहे. लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हार्वर्डच्या प्राथमिक भौतिकशास्त्राच्या वर्गांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. तोच मजकूर एका गटाला उत्तम व्याख्यानातून आणि दुसऱ्याला स्वतः सोडवायला लावून शिकवला. चाचणीत दुसरा गट पुढे होता; पण 'आज आपण किती शिकलो' असं विचारलं तेव्हा त्याच गटाने स्वतःला कमी गुण दिले. कारण उघड आहे. सुरेख व्याख्यान ऐकताना सगळं सरळ वाटतं. स्वतः सोडवताना डोकं दुखतं आणि आपल्याला काहीच येत नाही असं वाटू लागतं. त्यामुळे 'मॅडम शिकवत नाहीत' ही तक्रार हा काही मॅडम चुकल्याचा पुरावा नव्हे.

पण मॅडमनी एवढंच ऐकून सुटकेचा निःश्वास सोडू नये म्हणून मी दुसरी बाजूही पुढे ठेवली. हार्वर्डची मुलं चाचणीत पुढे होती. आपली नव्हती. घटक चाचणीत बहुतेकांनी बेजचं सूत्र अचूक लिहिलं होतं आणि उत्तर चुकीचं काढलं होतं.

"म्हणजे परत फळा-खडू?" त्यांनी विचारलं. तेही नाही. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या महाविद्यालयीन वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले होते. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याचं प्रमाण साधारण दीडपट निघालं आणि विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत परीक्षेचे गुण सरासरी सहा टक्क्यांनी जास्त. हे वजन दुर्लक्ष करण्यासारखं नाही. मात्र त्या सरासरीत नाना तऱ्हांच्या पद्धती एकत्र आहेत. 'मुलांना कामाला लावा' एवढं ती सांगते. या बुधवारी या घटकावर नेमकं काय काम द्यायचं, हे तिला विचारून उपयोग नाही.

फाइलमध्ये आणखी एक कागद होता: कुणी बघून शिकतो, कुणी ऐकून, कुणी हाताने करून, म्हणून प्रत्येक तऱ्हेच्या विद्यार्थ्यासाठी वेगळी पद्धत हवी. मॅडमच्या रोज बदलाचं मूळ या कागदात होतं. हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या कल्पनेमागचे पुरावे तपासले तेव्हा शैली ओळखून तसं शिकवल्याने फायदा होतो असं म्हणण्याइतका आधार त्यांना सापडला नाही. तो कागद आम्ही फाइलमधून काढला. फाइल थोडी हलकी झाली आणि मॅडमही.

उत्तरपत्रिकांचे तीन गठ्ठे

मग आम्ही पद्धतींबद्दल बोलणंच थांबवलं आणि घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका टेबलावर घेतल्या. गुण बघायचे नाहीत, चूक बघायची. एकसारखी चूक एका गठ्ठ्यात. तासाभरात टेबलावर तीन गठ्ठे झाले.

पहिल्या गठ्ठ्यातल्या मुलांना 'आजार असताना चाचणी पॉझिटिव्ह येणं' आणि 'चाचणी पॉझिटिव्ह आली असताना आजार असणं' या दोन्ही एकच गोष्टी वाटत होत्या. वाक्य उलटं केलं तर अर्थ बदलतो हे जाणवलंच नव्हतं. दुसऱ्या गठ्ठ्यातल्यांना फरक कळत होता, पण मुळात आजार किती जणांना आहे ही संख्या त्यांनी वाऱ्यावर सोडली होती. तिसऱ्या गठ्ठ्यात विचार बरोबर, मांडणी बरोबर, आणि अपूर्णांकांच्या गुणाकारात घसरगुंडी.

तिसऱ्या गठ्ठ्याला चर्चा, वादविवाद, रोल प्ले यांतलं काहीच नको होतं. त्याला हवी होती सोडवून दाखवलेली उदाहरणं आणि हाताला सवय. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणित शिकणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगांत, नवख्यांनी स्वतः धडपडण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणं अभ्यासली तर तशाच नव्या गणितांत वेळ कमी लागला आणि चुकाही कमी झाल्या. म्हणजे मॅडमचा जुना रेखीव फळा या गठ्ठ्यासाठी उत्तम औषध होता आणि तोच त्यांनी सहा आठवडे बंद ठेवला होता.

पहिल्या दोन गठ्ठ्यांचं दुखणं वेगळं. त्या मुलांना आपण चुकतोय हेच माहीत नव्हतं. त्यांच्यासमोर बरोबर रीत कितीही वेळा सोडवून दाखवली तरी ती 'हो, हेच तर मी म्हणत होतो' असं समजून उतरवून घेणार. त्यांनी आधी स्वतःचं चुकीचं उत्तर ठामपणे नोंदवायला हवं आणि मग ते मोडताना बघायला हवं.

एका प्रश्नाचा तास

हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक मझूर १९९१ पासून वापरत असलेली पीअर इन्स्ट्रक्शन ही रीत आम्ही निवडली. सूत्र न वापरता विचार करायला लावणारा एक बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकाने एकट्याने, न बोलता उत्तर ठरवायचं, सगळ्यांनी एकदम मत द्यायचं, मग वेगळं मत असलेल्या शेजाऱ्याला पटवायचं, पुन्हा मत, आणि सगळ्यात शेवटी शिक्षकाचं स्पष्टीकरण. यातला गाभा आहे मधला आकडा. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर चर्चेला जोर चढतो. ७० च्या वर गेली तर वेळ घालवायचा नाही, पुढे जायचं. ३० च्या खाली असतील तर चर्चा म्हणजे आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवणं. आधी शिक्षकाने काहीतरी करायला हवं.

मतांसाठी मोबाइल नको असं मीच सुचवलं. बोटं पुरतात: एक बोट म्हणजे अ, दोन म्हणजे ब, आणि हात छातीशी धरायचा, म्हणजे शेजाऱ्याचं बघून उत्तर बदलता येत नाही.

प्रश्न असा होता. एक आजार १०० लोकांमागे एकाला असतो. चाचणी केल्यावर १०० आजारी माणसांपैकी ९० जण पॉझिटिव्ह येतात, आणि १०० निरोगी माणसांपैकी १० जणही चुकून पॉझिटिव्ह येतात. सहज म्हणून तपासलेल्या एका माणसाची चाचणी पॉझिटिव्ह आली. त्याला आजार असण्याची शक्यता किती? अ, सुमारे ९० टक्के. ब, सुमारे ८० टक्के. क, सुमारे ५० टक्के. ड, १० टक्क्यांहून कमी.

चुकीचे तिन्ही पर्याय आम्ही उत्तरपत्रिकांतून उचलले होते. ९० म्हणजे पहिला गठ्ठा. ८० म्हणजे नव्वदातून दहा वजा करणारे; असेही होते. ५० म्हणजे 'एक तर असेल किंवा नसेल' म्हणणारे. पर्याय आपल्या मनाने रचले तर ते शिक्षकाला सुचलेल्या चुका असतात, आणि शिक्षकाला विद्यार्थ्यासारखं चुकता येत नाही.

मॅडमनी प्रश्न वाचला आणि गप्प राहिल्या. हात पाठीमागे होते. मागच्या बाकावरून दिसत नव्हतं, पण नंतर कळलं की त्या पाठीमागे बोटांवर आकडे मोजत होत्या, बोलायचा मोह आवरायला. दोन मिनिटं वर्गात फक्त पेनांचा आवाज होता. मग मतं. बहुतेक छातींवर एकच बोट. चार बोटं कुठेकुठे, पाच-सहा जणांची.

म्हणजे ३० च्या बऱ्याच खाली. आमच्या कागदावरच्या योजनेत पुढची पायरी 'शेजाऱ्याशी चर्चा' अशी लिहिलेली होती. मॅडमनी ती तशीच चालवली असती तर बहुमताने पाच-सहा बरोबर उत्तरं पुसून टाकली असती. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "चर्चा नंतर. आधी वहीत मोठा चौकोन काढा. ही १००० माणसं. आता तो चौकोन आजारी आणि निरोगी असा कापा. मग दोन्ही भागांत पॉझिटिव्ह किती ते लिहा. टक्के लिहायचे नाहीत, माणसं लिहायची."

ही पायरी त्यांना हवेतून सुचली नव्हती. गेर्ड गिगरेन्झर आणि उलरिख हॉफ्राग यांनी १९९५ मध्ये दाखवलं होतं की अशीच गणितं टक्क्यांऐवजी माणसांच्या संख्येत मांडली की बरोबर उत्तरांचं प्रमाण पुष्कळ वाढतं. आम्ही ती राखून ठेवली होती स्पष्टीकरणासाठी. त्यांनी ती आधी काढली, आणि अर्धीच दिली: चौकोन सांगितला, आकडे सांगितले नाहीत.

दुसरं मत घेतलं तेव्हा वर्ग सरळ दुभंगला होता. आता मात्र शेजाऱ्याकडे वळायला कुणाला सांगावं लागलं नाही. माझ्या पुढच्या बाकावर तेच दोघं होते, व्याख्या वाचून मान डोलावणारे.

"अरे, पण टेस्ट नव्वद टक्के बरोबर आहे ना?"

"कुणासाठी बरोबर? जे आजारी आहेत त्यांच्यासाठी. तू आजारी आहेस हे तुला कुठे माहितीये? तेच तर शोधतोय."

"बरं. आजारी दहा. त्यातले पॉझिटिव्ह नऊ. मग हे नव्याण्णव कुठून आणलेस?"

"निरोगी किती? नऊशे नव्वद. त्यांचे दहा टक्के."

पहिला बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे खोटे पॉझिटिव्हच जास्त आहेत? मग टेस्ट कशाला करतात?"

हा शेवटचा प्रश्न कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या स्वाध्यायापेक्षा चांगला आहे. मॅडमच्या कानावर तो पडला आणि त्यांनी तो पुढच्या तासासाठी टिपून घेतला.

तिसऱ्या मताला चार बोटांचं रान झालं. तरीही मॅडमनी उत्तर सांगितलं नाही. "ज्यांनी मत बदललं त्यांच्यापैकी कुणीतरी सांगा, का बदललं?" बरोबर कोण आहे हे विचारलं की हुशार हात वर येतात, का बदललं हे विचारलं की मधल्या बाकांना तोंड फुटतं. दोघातिघांनी आपापल्या भाषेत सांगितलं. मग त्या फळ्याकडे वळल्या: एकूण पॉझिटिव्ह १०८, त्यातले खरे ९, म्हणजे १२ तला एक, साधारण ८.३ टक्के. त्याशेजारी बेजचं सूत्र लिहिलं आणि सूत्रातल्या प्रत्येक पदापासून चौकोनातल्या एकेका भागाकडे रेघ ओढली. हे दहा मिनिटांचं निखळ व्याख्यान होतं. त्या सत्रात मी बघितलेलं ते सर्वोत्तम अध्यापन, आणि ते फळा-खडूनेच झालं. फरक इतकाच की या वेळी मुलांकडे त्या व्याख्यानाला विचारायचा प्रश्न तयार होता.

उरलेल्या मिनिटांत, चर्चा न करता, प्रत्येकाने एकट्याने सोडवायचा दुसरा प्रश्न दिला: यंत्रावर तयार होणारे सुटे भाग, त्यातले थोडे सदोष, आणि ते पकडणारं, कधीकधी चुकणारं तपासणीयंत्र. यामागे मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांचं २००९ मधलं काम होतं. अनुवंशशास्त्राच्या वर्गात त्यांनी चर्चेनंतर असाच जोडप्रश्न एकट्याने सोडवायला दिला होता आणि सुरुवातीला कुणालाच उत्तर न आलेल्या गटांतली मुलंही सुधारलेली दिसली होती. म्हणजे हुशार शेजाऱ्याची नक्कल एवढ्यावर ते भागत नाही. आमच्या वर्गातही जोडप्रश्न झकास सुटला. मॅडमचा चेहरा खुलला. मला मात्र पुरतं पटेना. दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'फारच कमी' हेच होतं.

पुढच्या तासाला पहिल्याच मिनिटाला आम्ही एकच आकडा बदलला. चाचणी तीच, पण आजार आता १०० तल्या ५० जणांना. झरझर चार बोटं वर आली: 'दहाहून कमी.' प्रत्यक्षात १००० माणसांत ५०० आजारी, त्यातले ४५० पॉझिटिव्ह. ५०० निरोगी, त्यातले ५० पॉझिटिव्ह. पाचशेपैकी साडेचारशे, म्हणजे बरोबर ९० टक्के. पहिल्या दिवशी जे उत्तर ठार चुकीचं होतं तेच आज बरोबर. मुलांनी विचार शिकण्याऐवजी युक्ती शिकली होती: 'या धड्यात आकडा लहान येतो.' मॅडम खट्टू झाल्या. माझ्या मते तो त्या घटकातला सर्वांत मोलाचा प्रश्न ठरला, कारण दुसरा गठ्ठा, मूळ प्रमाण वाऱ्यावर सोडणारा, त्या दिवशी खऱ्या अर्थाने फुटला. मतदानानंतर एक मुलगी जरा चिडूनच म्हणाली, "मग आधी हेच विचारायचं ना, की आजार किती जणांना आहे!" मॅडमनी तिचं वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं, आठवडाभर पुसलं नाही.

राहिलेलं सत्र

पद्धतींची संख्या सातावरून तिनावर आली. संकल्पनेची गाठ असेल तिथे वरची मतदानाची रीत, आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. आकडेमोडीची गाठ असेल तिथे फळ्यावर सोडवलेलं उदाहरण, मग तसंच पण मधल्या दोन पायऱ्या गाळलेलं, मग नुसता प्रश्न. आणि रोज तासाच्या सुरुवातीला वही बंद करून मागच्या आठवड्यावरचे दोन प्रश्न. हे शेवटचं रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगावरून घेतलं. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. मॅडमनी सुरुवातीला या दोन प्रश्नांना अंतर्गत गुण ठेवले आणि पहिल्याच दिवशी शेजारच्या वहीत डोकावणाऱ्या माना लांबल्या. गुण काढले, माना जागेवर आल्या.

तासाच्या शेवटी चिठ्ठीवर 'आज सर्वांत धूसर काय राहिलं' ते लिहून घ्यायचंही ठरलं होतं. ही रीत हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मोस्टेलर यांनी १९८९ मध्ये मांडली. आमच्याच धंद्यातली म्हणून मला जवळची. पण आठवड्याला दोनशेच्या वर चिठ्ठ्या वाचून होईनात आणि न वाचलेल्या चिठ्ठ्यांचं मुलांना लगेच कळतं. मग रोज एकाच रांगेने लिहायचं असं केलं. तरी निम्म्या चिठ्ठ्यांवर 'सर्व समजले' असतं. ते कसं सोडवायचं हे आम्हाला जमलेलं नाही.

अर्जाबद्दल मॅडमनी वर्गाशी सरळ बोलणं केलं. सहा आठवडे प्रयोगांची गर्दी झाली ही चूक त्यांनी मान्य केली, पुढे काय आणि का करणार ते सांगितलं, हार्वर्डच्या प्रयोगाचीही गोष्ट सांगितली: डोकं दुखतंय म्हणजे शिकणं चाललंय, असंही असू शकतं. कुरकुर बरीच कमी झाली. पूर्ण नाही. पहिल्या बाकावरच्या एका हुशार मुलाने मला जिन्यात गाठून विचारलं, "सर, मला येतंय, तर मी माझा वेळ दुसऱ्याला समजावण्यात का घालवू?" समजावताना स्वतःचंच पक्कं होतं, असं मी म्हणालो. त्याला ते पटलं असं वाटलं नाही. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी मॅडम आता मतदानाचे प्रश्न रचायचं काम ठेवतात. तो रचतो, आणि त्याने रचलेले चुकीचे पर्याय बहुधा फार सहज ओळखू येतात. त्यावर तो सध्या झगडतोय.

पोर्शनचा प्रश्न खरा होता. मतदानाच्या एका प्रश्नाला पंधरा-वीस मिनिटं जातात. अभ्यासक्रमातले दोन उपघटक वर्गात न घेता वाचनाला द्यावे लागले आणि प्रमुखांना ते आवडलं नाही. सत्राअखेरच्या निकालाचा आकडा मी इथे देत नाही. एक तुकडी, वेगळी प्रश्नपत्रिका, तुलनेला गट नाही. त्यावरून निष्कर्ष काढला तर त्याच वर्गातली मुलं मला घरी पाठवतील. उत्तरपत्रिका मात्र आम्ही पुन्हा गठ्ठ्यांत लावल्या. पहिला गठ्ठा बारीक झाला होता. दुसराही. तिसरा जवळपास तेवढाच होता, कारण गाळलेल्या पायऱ्यांची उदाहरणं आम्ही फार उशिरा सुरू केली.

पुढच्या सत्रात दुसऱ्या तुकडीच्या सरांनी मॅडमकडून सगळे प्रश्न मागून घेतले. महिन्याभरात ते म्हणाले, "तुमचे प्रश्न माझ्या वर्गात चालत नाहीत. पोरं बोटंच दाखवत नाहीत." मी त्यांच्याही तासाला मागे जाऊन बसलो. त्यांनी प्रश्न वाचला, म्हणाले, "सोपा आहे, बघा, मूळ प्रमाण विसरू नका हं," आणि मतं मागितली. तासानंतर त्यांनी मला विचारलं, प्रश्न जरा सोपे करून मिळतील का. मी त्यांना मॅडमच्या पुढच्या तासाला माझ्या शेजारी, मागच्या बाकावर बसायला बोलावलं आहे.